अधिवृक्क अर्बुदजन्य अकाली यौवन

मूत्रपिंडाच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, उद्भवलेले अर्बुद, म्हणजे गाठ, लैंगिक संप्रेरके स्रवू लागल्यामुळे मुलींत 8 आणि मुलांत 9 वर्षांच्या आत दिसणारी यौवनलक्षणे. नेहमीच्या यौवनारंभाची आज्ञा मेंदूतून पोष (पिट्युइटरी) ग्रंथीमार्फत जननग्रंथींकडे जाते. येथे ती साखळी बाजूलाच राहते, किंबहुना गाठीच्या संप्रेरकांमुळे दबून जाते. त्यामुळे याला यौवन म्हणणे काहीसे सैलपणाचेच आहे.

बहुतेक गाठी पुंसंप्रेरके, म्हणजे पुरुषी लैंगिक संप्रेरके, स्रवतात. मुलग्यांत जांघेतील केस व मुरुमे येतात आणि शिश्न वाढते, पण वृषणे बालवयातल्याइतकीच लहान राहतात. साध्या तपासणीत सापडणारी ही विसंगती निदानाची मोठी खूण ठरते. मुलींत स्तनवाढ न होता केस, घोगरा आवाज व शिश्निकेची वाढ दिसते. मूल झपाट्याने उंच होते, आणि घरच्यांना सुरुवातीला त्याचे कौतुकच वाटते. मात्र हाडे वयाच्या पुढे धावून लवकर जुळल्यास अंतिम उंची खुंटते. स्त्रीसंप्रेरके स्रवणाऱ्या गाठी फार विरळ असतात. गाठ कॉर्टिसॉल हे याच ग्रंथीचे दुसरे संप्रेरकही स्रवत असेल, तर चेहरा गोल होतो, वजन व रक्तदाब वाढतो.

जगभरात 15 वर्षांखालील दर तीस ते पन्नास लाख मुलांमागे वर्षाला जेमतेम एकात आढळणारा हा विकार मुलींत अधिक असून बरेचसे रुग्ण पाच वर्षांखालील असतात. दक्षिण ब्राझीलमध्ये मात्र त्याचे प्रमाण दहा ते पंधरा पट आहे, कारण तेथे कर्करोगाला आळा घालणाऱ्या टीपी53 जनुकातील एक विशिष्ट उत्परिवर्तन, एकाच पूर्वजापासून आलेले, अनेक कुटुंबांत पसरले आहे. अन्यत्रही या जनुकातील दोष वारंवार सापडतो. म्हणून गाठ आढळलेल्या मुलाची जनुकीय तपासणी आणि कुटुंबातील कर्करोगांची चौकशी करतात.

जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धीतही, म्हणजे जन्मजात दोषामुळे ही ग्रंथी वाढून पुंसंप्रेरके जास्त स्रवते त्या विकारातही, अशीच लक्षणे दिसतात. तिच्यात डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखे औषध दिल्यावर पुंसंप्रेरके उतरतात, गाठीत सहसा उतरत नाहीत. गाठ असल्यास रक्तातील डीएचईए-सल्फेट हे अधिवृक्क पुंसंप्रेरक बहुधा खूप वाढलेले असते. गाठीचे स्थान व विस्तार सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयने कळतो. सुईने तुकडा काढणे टाळतात, कारण आवरण फुटल्यास पेशी पोटात पसरतात.

गाठ अखंड काढणे हाच मुख्य उपचार होय. गाठ कर्करोगाची असून पसरली असल्यास मायटोटेन हे अधिवृक्क पेशी नष्ट करणारे औषध व रसायनोपचार वापरतात. कॉर्टिसॉल स्रवणारी गाठ काढल्यावर दबलेली दुसरी अधिवृक्क ग्रंथी जागी होईपर्यंत हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातील कॉर्टिसॉल, द्यावे लागते. पुंसंप्रेरकांचा दाब हटताच काही मुलांत मेंदूकडून खरे यौवनच वेळेआधी सुरू होते आणि तेव्हा ते रोखण्यासाठी वेगळी औषधे लागतात.