गर्भारपणातलं बॉडी लोशन आणि पॅराबेन

मुंबईच्या दमट हवेत पाण्याचा अंश असलेलं लोशन परिरक्षकाशिवाय (प्रिझर्व्हेटिव्हशिवाय) टिकत नाही. जिवाणू आणि बुरशी त्यात लगेच वाढतात. म्हणून 1920च्या दशकापासून पॅराबेन ही परिरक्षकं वापरात आली. बाटलीमागच्या यादीत मिथाइलपॅराबेन, प्रोपाइलपॅराबेन अशी नावं दिसतील.

गर्भारपणात पोट ताणलं की खाज सुटते. मग पोटाला, मांड्यांना रोज दोन-दोनदा लोशन चोळलं जातं. त्यातलं थोडं पॅराबेन त्वचेतून रक्तात जातं. शरीर त्यातलं बरंचसं लघवीवाटे बाहेर टाकतं, पण काही अंश वार (प्लासेंटा) ओलांडून बाळाकडे जातो. गर्भजलात आणि नाळेच्या रक्तातही ते सापडलं आहे.

पॅराबेन इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची नक्कल करतं, पण अगदी दुबळी. 1998 साली यीस्टच्या पेशींवर झालेल्या ब्रिटिश चाचणीत तपासलेल्यांपैकी सर्वांत जोरकस ठरलेलं ब्युटाइलपॅराबेनही शरीरातल्या इस्ट्राडायॉल या मुख्य इस्ट्रोजेनपेक्षा सुमारे 10,000 पट कमजोर होतं. मग काळजी कशाला? गर्भाची घडण ठरावीक वेळी होते म्हणून. मुलग्याची जननेंद्रियं साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात आकार घेतात, तेही हार्मोनच्या इशाऱ्यावर. पहिल्या तिमाहीत बाळाचा मेंदू आईच्या थायरॉइड हार्मोनवर विसंबून असतो. अशा वेळी दुबळा इशाराही सोडून देण्याजोगा नाही, असं मला वाटतं.

2020 साली जर्मनीतल्या लाइपझिगमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. 629 माता-बालक जोड्यांच्या त्या गटात आईच्या लघवीत ब्युटाइलपॅराबेन जास्त असेल तिथे मुलांचं, विशेषतः मुलींचं, वजन जास्त आढळलं. पॅराबेन असलेली, अंगावर राहणारी प्रसाधनं वापरणाऱ्या आयांमध्ये त्याचं प्रमाणही जास्त होतं. उंदरांवर पडताळलं तेव्हा मादी पिल्लं जास्त खाऊ लागली. मेंदूतल्या, भूक आवरणाऱ्या एका जनुकाचं काम मंदावलेलं दिसलं. माणसांतला हा संबंध म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, आणि पॅराबेन तासांत ओसरत असल्याने लघवीचा एकच नमुना पुरेसं सांगत नाही. परळला राष्ट्रीय प्रजनन आणि बालआरोग्य संशोधन संस्था आहे. मुंबईच्या गर्भवतींना आणि त्यांच्या मुलांना वर्षानुवर्षं तपासणारा असा अभ्यास तिथे व्हावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

पॅराबेन लवकर ओसरतं, हीच दिलाशाची गोष्ट. कॅलिफोर्नियात 100 किशोरवयीन मुलींना फक्त तीन दिवस पॅराबेनविरहित प्रसाधनं दिली, तर लघवीतलं मिथाइल आणि प्रोपाइलपॅराबेन सुमारे 44-45 टक्क्यांनी घटलं. (इथाइल आणि ब्युटाइल मात्र वाढलं, हेही सांगायला हवं.) युरोपीय संघाने 2014 साली पाच पॅराबेनवर बंदी घातली, तर प्रोपाइल आणि ब्युटाइलची मर्यादा खाली आणली.

म्हणून आधी लक्ष द्यावं ते अंगावर तासन्‌तास राहणाऱ्या लोशनकडे; लगेच धुऊन जाणाऱ्या शाम्पूचा प्रश्न त्यामानाने लहान. खाजेसाठी साधं खोबरेल चालतं. त्यात पाणी नसल्याने परिरक्षकाची गरजच पडत नाही. खाज फार असेल, विशेषतः तळहात-तळपायांना, तर तेलावर न थांबता डॉक्टरांना दाखवावं. यकृताच्या तक्रारीतही ती येते. ‘पॅराबेन-फ्री’ लिहिलेली बाटली घेताना मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं परिरक्षक नाही ना, ते पाहावं. त्याने अनेकांना त्वचेची अ‍ॅलर्जी होते. काही औषधी सिरपांतही पॅराबेन असतं, पण तेवढ्यासाठी लोहाचं किंवा दुसरं कुठलंही लिहून दिलेलं औषध मनाने बंद करू नये. पर्याय हवा असेल तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना गोळीबद्दल विचारता येतं.