मित्र ताऱ्याची वाट आणि करारातले चार शब्द

मे महिना सरता सरता रात्री दहा-साडेदहाला हरिपूरच्या संगमावर उभं राहिलं, तर दक्षिण क्षितिजापासून जेमतेम बारा अंशांवर नरतुरंग तारकासमूहातला मित्र (अल्फा सेंटॉरी) तारा दिसतो. अंतर ४.४ प्रकाशवर्षं. सेकंदाला १७ किलोमीटरनं जाणारं व्हॉयेजर-१ यान त्या दिशेनं सोडलं असतं, तरी ७७ हजार वर्षं लागली असती. म्हणून अणुशक्तीचा विचार.

पण ‘अणुशक्तीवरचं यान’ या शब्दानं फार घोळ केलाय. व्हॉयेजरमधलं प्लुटोनियम फक्त वीज पुरवतं, यानाला रेटा देत नाही. अणुभट्टीत हायड्रोजन तापवून मागे फेकणारं इंजिन ही वेगळी गोष्ट. त्याच्या चाचण्या नेवाडाच्या वाळवंटात झाल्या आणि एकदाही न उडता १९७३ मध्ये ते गुंडाळलं गेलं. मंगळासाठी ते चांगलं, मित्रासाठी अगदीच तोकडं.

तिसरा प्रकार आपल्याकडच्या पोरांना न शिकवता कळतो. दिवाळीत गल्लीत सुतळी बॉम्बवर पालथा डबा ठेवला की तो घराच्या पत्र्यापर्यंत उडतो. १९५८ साली अमेरिकेत सुरू झालेला ‘ओरायन’ प्रकल्प म्हणजे हेच. यानामागे जाडजूड पोलादी तबकडी, तिच्यामागे एकामागून एक अणुबॉम्ब, आणि माणसांना हादरे बसू नयेत म्हणून मधे प्रचंड शॉकअब्सॉर्बर. नोव्हेंबर १९५९ मध्ये साध्या स्फोटकांवर मीटरभर रुंदीचं मॉडेल सरळ वर गेलं. कल्पना खुळी नव्हती.

अडलं ते ५ ऑगस्ट १९६३ ला. त्या दिवशी मॉस्कोत झालेल्या करारानं हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात अण्वस्त्र-चाचण्यांना बंदी घातली. तेवढंच असतं तर ओरायनला पळवाट होती, कारण ही काही अस्त्राची चाचणी नव्हे. पण पुढे चार शब्द आहेत : ‘किंवा इतर कोणताही अणुस्फोट’. भारतानंही त्याच महिन्यात सही केली. जमिनीखालचा स्फोट करारात येत नव्हता, म्हणून १९७४ च्या पोखरणला तो आडवा आला नाही. ओरायनला मात्र आला, आणि १९६५ मध्ये पैसा थांबला.

हवेतली बंदी योग्यच होती. जमिनीवरून उडणाऱ्या अशा यानाची किरणोत्सारी धूळ कुणाच्या तरी शेतात पडलीच असती. प्रकल्पावर राबलेल्या एका भौतिकशास्त्रज्ञानंच कराराच्या बाजूनं साक्ष दिली होती. मला खटकतं ते एवढंच, की पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटरवरचा स्फोट आणि गावावरच्या आभाळातला स्फोट एकाच मापानं मोजले गेले.

नंतर १९७३ ते ७८ मध्ये ब्रिटनमध्ये ‘डीडॅलस’ या यानाचा आराखडा झाला. बॉम्बऐवजी इंधनाच्या इवल्या गोळ्या, सेकंदाला २५०, इलेक्ट्रॉनच्या झोतानं पेटवलेल्या. वेग प्रकाशाच्या १२ टक्के. भुजंगधारीतला बर्नार्डचा तारा पन्नासेक वर्षांत. हे सगळं कागदावरच राहिलं. अणुभट्टीचं इंजिन अंतराळात तपासण्याचा अमेरिकेचा २०२३ मधला नवा बेतही २०२५ मध्ये रद्द झाला.

१९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारात तेच चार शब्द पुन्हा आले, या वेळी जमिनीखालच्या स्फोटासकट. त्यावर भारताची सही नाही आणि तो अजून अमलातही आलेला नाही. १९६३ चा मात्र आजही लागू आहे.