नृत्याची जुनी रेकॉर्डिंग ग्रंथालयाच्या संग्रहात कशी द्यायची? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली. तेव्हापासून या शहरात कथकच्या कितीतरी पिढ्या घडल्या, भरतनाट्यमचे वर्ग वाढले, आर्यभूषण थिएटरात लावणी रंगत राहिली. या कार्यक्रमांच्या कॅसेट आजही अनेकांच्या माळ्यावर नाहीतर कपाटात पडून आहेत. त्या एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा विद्यापीठाच्या दृक्‌श्राव्य संग्रहाला द्यायची इच्छा असेल, तर ही माहिती उपयोगी पडेल. प्रत्येक संस्थेचा छापील अर्ज वेगळा असतो, पण विचारणा साधारण याच गोष्टींची होते.

अर्ज कोण करू शकतं?

कॅसेट तुमच्या घरात आहे म्हणून तिच्यातल्या चित्रीकरणाचा हक्कही तुमचाच, असं होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन चित्रीकरण करून घेतलं असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर पहिला मालक ते करवून घेणारा ठरतो. म्हणजे क्लासने व्हिडिओवाल्याला पैसे दिले असतील तर हक्क क्लासचा. त्या काळातलं बिल किंवा पावती सापडली तर फाइलला जरूर लावा.

नृत्यरचना बसवणाऱ्याचा हक्क याहून निराळा आहे. कायद्याने नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते आणि रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तिला संरक्षण मिळतं. सादर करणाऱ्या कलाकारांचाही हक्क असतो, तो ५० वर्षांचा. २००५ सालच्या कार्यक्रमाचा असा हक्क २०५५ च्या अखेरपर्यंत चालतो. इथे कलाकार म्हणजे फक्त नर्तिका नव्हे. तबलजी, लेहरा (तालाच्या आवर्तनाची पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट) धरणारे हार्मोनियमवादक, गायक, पढंत करणारे म्हणजे नृत्याचे बोल म्हणणारे गुरू, भरतनाट्यमला झांजांवर ताल धरत नट्टुवांगम करणारे हेही त्यात येतात. संमती घेताना नेमके हेच लोक राहून जातात, आणि मला ते फार लागतं. शक्य त्या प्रत्येकाची सही घ्या. जे हयात नाहीत किंवा सापडत नाहीत, त्यांच्या नावापुढे तसं स्पष्ट लिहा.

लागणारी कागदपत्रं

स्वतः कलाकार किंवा गुरू देत असतील तर ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि सही केलेलं दानपत्र एवढं बहुधा पुरतं. संस्था देत असेल तर नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि कार्यकारिणीचा ठराव लागतो. कोणत्या कॅसेट द्यायच्या आणि सही कोण करणार, हे ठरावात यायला हवं. वारस देत असतील तर मृत्यूचा दाखला, इच्छापत्र असल्यास त्याची प्रत आणि बाकीच्या वारसांचं संमतिपत्र. एका भावाने परस्पर देऊन टाकलं आणि दुसऱ्याने हरकत घेतली, तर कॅसेट वर्षानुवर्षं बंद खोक्यात राहते. व्हिडिओत लहान मुली असतील तर पालकांची संमती लागते. त्या आता मोठ्या झाल्या असतील तर त्यांचीच घ्या.

हक्क हस्तांतरित करत असाल तर ते लेखीच लागतं. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पण कॅसेट देण्यासाठी हक्क सोडून द्यावेच लागतात असं नाही. हक्क स्वतःकडे ठेवून जतन आणि अभ्यासासाठी परवानगी देता येते. बहुतेकांनी हाच मार्ग घ्यावा, असं मला वाटतं. कॉपीराइटची नोंदणीही सक्तीची नाही. नोंदणीची फी चित्रफितीला ५००० रुपये, ध्वनिमुद्रणाला २००० रुपये आहे. ते पैसे डिजिटायझेशनला लावलेले बरे.

खरा अर्ज म्हणजे यादी

दानपत्रावर सही करायला दोन मिनिटं लागतात. यादीला वेळ द्या, कारण ग्रंथपाल तालिका (कॅटलॉग) तयार करतात ती तुमच्या यादीवरून. कॅसेटवर नुसतं ‘गुरुपौर्णिमा २००१’ लिहिलेलं असेल तर ग्रंथपाल तेवढंच नोंदवणार, आणि असल्या नोंदीवरून कोणत्याही अभ्यासकाला काही सापडणार नाही.

त्याऐवजी अशी नोंद करा: बालगंधर्व रंगमंदिर, पुणे, तारीख, व्हीएचएस, एकूण वेळ. मग मिनिटवार तपशील. ००:०४:१० गणेशवंदना, रचना कुणाची. ००:११:३५ तीनताल विलंबित, थाट, आमद, तोडे, परण, लेहरा चंद्रकंसमध्ये. ००:३८:२० गतभाव, माखनचोरी. ००:४६:०० तत्कार. प्रत्येक तुकड्यासमोर नर्तकाचं नाव, शेवटी साथीदार, निवेदक, प्रकाशयोजना. भरतनाट्यम असेल तर अलारिप्पू, वर्णम्, तिल्लाना वेगवेगळे दाखवा आणि राग-ताल लिहा. लावणी असेल तर ढोलकी कुणाची, शाहीर कोण आणि ती बैठकीची की फडाची, हे लिहा.

हा तपशील वाया जात नाही. मार्क २१ या तालिकीकरणाच्या पद्धतीत कलाकारांसाठी ५११, निर्मितीतल्या सहभागींसाठी ५०८, कार्यक्रमाची तारीख आणि स्थळ यांसाठी ५१८, आतल्या मजकुरासाठी ५०५ आणि वापराच्या अटींसाठी ५४० अशी स्वतंत्र क्षेत्रं आहेत. तुमच्या यादीतली प्रत्येक ओळ यांपैकी कुठेतरी जाऊन बसते आणि तिथून शोधता येते. एक कार्यक्रम तीन कॅसेटवर असेल किंवा एका कॅसेटवर तीन कार्यक्रम असतील, तर तसं स्वच्छ सांगा. तारीख आठवत नसेल तर ‘अंदाजे’ लिहा आणि अंदाज कशावरून केला तेही लिहा. कार्यक्रमपत्रिका, तिकिटं, वर्तमानपत्रातलं परीक्षण सापडलं तर सोबत द्या.

हे काम गुरू आणि ज्येष्ठ शिष्या हयात असतानाच व्हायला हवं. पडद्यावर डावीकडून तिसरी कोण, हे सांगू शकणारी माणसं आता कमी होत चालली आहेत.

कॅसेटची स्थिती

पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या फितीवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरट पूड दिसली तर ती कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये अजिबात लावू नका. फीत खराब होते आणि हेडवरून बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. व्हीएचएसचा मागचा प्लास्टिकचा तुकडा तोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. मूळ लेबल काढू नका. चुकीचं असलं तरी तो पुरावा आहे.

डिजिटल प्रत आधीच केली असेल तरी मूळ कॅसेट द्याच. ध्वनीसाठी एमपीथ्री नको, वेव्ह फाइल हवी. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट असेल तर उत्तम. अशा स्टीरिओ फाइलला तासाला साधारण २ जीबी जागा लागते. नृत्याच्या बाबतीत याचं महत्त्व अधिक आहे. घुंगरांचा आवाज बारीक आणि झटपट तुटणारा असतो, आणि फाइल फार दाबून लहान केली (कॉम्प्रेस केली) की पहिल्यांदा तोच पुसट होतो. मग तत्कारातली, म्हणजे पायांच्या कामातली, लयकारी अभ्यासायची कशी?

कुठे विचारायचं?

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र नृत्य शिकवतं. तिथे लेखी विचारणा करून पाहा. कॅसेटऐवजी सेल्युलॉइड फिल्म असेल तर १९६४ साली स्थापन झालेल्या, विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा सल्ला घ्या. दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीकडे नृत्याचा मोठा दृक्‌श्राव्य संग्रह आहे. आधी नुसती यादी पाठवा, कॅसेट नको. संस्था निवड करते आणि होकार आल्यावरच त्या पोचवायच्या.

वापराच्या अटींत ‘ग्रंथालयात बसून पाहता येईल’, ‘प्रत देण्याआधी विचारावं’, ‘इंटरनेटवर टाकू नये’ असे पर्याय सहसा असतात. संपूर्ण बंदी शक्यतो घालू नका. घालायचीच असेल तर ती कोणत्या साली उठेल ते लिहा.

कॅसेट देताना प्रत्येकीची नोंद असलेली पोच घ्या. दाखल क्रमांक (संस्था प्रत्येक कॅसेटला देते तो नोंदीचा क्रमांक) मिळाले की काही महिन्यांनी तालिकेत आपली नोंद उघडून नावं तपासा आणि एखादा साथीदार सुटला असेल, तर तो क्रमांक देऊन दुरुस्तीचं पत्र पाठवा.