रोहित की चित्रबलाक? उजनीवरचे दोन गुलाबी पक्षी

उजनी धरणाचं पाणी उतरायला लागलं की करमाळ्याच्या केत्तूर, कुगाव पट्ट्यातून मोबाइलवर फोटो फिरू लागतात: ‘फ्लेमिंगो आले!’ त्यातले बरेच फोटो असतात चित्रबलाकांचे. गल्लत होणं साहजिक आहे. दोघंही उंच टांगांचे, दुरून पांढरे, अंगावर कुठंतरी गुलाबी, आणि दोघंही थव्यानं उथळ पाण्यात चोच बुडवून उभे. पण रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, आणि चित्रबलाक यांचं खाणं, घर आणि प्रवास इतके वेगळे आहेत की एकाला जपायला जे करावं लागतं ते दुसऱ्याला पुरत नाही. त्यासाठी तरी फरक कळायला हवा.

ओळखताना रंगावर जाऊ नका, चोच पाहा. रोहिताची चोच जाड, गुलाबी, टोकाला काळी आणि मध्येच मोडल्यासारखी खाली वळलेली. चित्रबलाकाची चोच लांब, पिवळी, टोकाशी किंचित झुकलेली. शिवाय त्याचं डोकं नारिंगी आणि बिनपिसांचं, छातीवर काळ्या-पांढऱ्या खवल्यांचा पट्टा, आणि गुलाबी रंग फक्त मागच्या बाजूला, शेपटीवर आलेल्या पिसांत. उडताना दोघंही मान लांब ठेवतात, त्यामुळं मानेवरून काही कळत नाही. रोहित सतत पंख मारत जातो, चित्रबलाक ऊन तापलं की वर जाणाऱ्या हवेवर पंख पसरून घिरट्या घेतो. झाडावर बसलेला दिसला तर प्रश्नच मिटला. रोहित झाडावर बसत नाही.

खरी गंमत जेवणात आहे. रोहित मान खाली सोडतो तेव्हा डोकं उलटं होतं, वरची चोच खाली जाते. चोचीच्या आतल्या कडांना बारीक दातेरी पट्ट्या असतात. जाड जीभ मागेपुढे होत पाणी आत ओढते, बाहेर ढकलते, आणि चिखलातल्या किड्यांच्या अळ्या, बारीक कवचधारी जीव, बिया, शेवाळ असं सगळं चहाच्या गाळणीसारखं आत अडकतं. या खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळंच पिसं गुलाबी होतात. कधी कधी तो एकाच जागी पाय आपटत गोल फिरतो, म्हणजे गाळातलं खाद्य वर येतं. पाणी हटल्यावर अशा जागी चिखलात गोल खळगे दिसतात. काठाकाठानं चालताना ते जरूर शोधा.

चित्रबलाकाला मासा लागतो. अर्धवट उघडी चोच पाण्यात घालून तो ती डावी-उजवीकडं फिरवतो, एका पायानं तळ ढवळतो आणि मासा चोचीला लागला की चोच मिटतो. नजरेपेक्षा स्पर्शावर भिस्त असल्यानं उजनीचं गढूळ पाणी त्याला अडचणीचं नाही. इथं चिलापी मासा तर मुबलक.

म्हणजे पाणी कमी होणं दोघांनाही हवं, पण कारणं वेगळी. पावसाळ्याअखेर धरण काठोकाठ भरतं तेव्हा उथळ जागाच फारशी उरत नाही. पुढं कालव्याला आवर्तनं सुटतात, सोलापूरच्या पिण्यासाठी भीमेतून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडलं जातं, आणि पाणी फुटाफुटानं मागं सरतं. ओला गाळ उघडा पडतो, तो रोहिताचा. डबक्यांत आणि खाड्यांत मासे कोंडले जातात, ते चित्रबलाकाचे. ‘उजनी मायनसमध्ये’, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्याही खाली गेलं, ही बातमी वाचून आपला जीव धसकतो, त्याच सुमारास पाणथळीत पक्ष्यांची सर्वांत दाट गर्दी असू शकते.

आता ‘सायबेरियातून आलेले पाहुणे’ या मथळ्याविषयी. या दोघांपैकी कुणालाही तो लागू नाही. आपल्याकडचे रोहित प्रामुख्यानं गुजरातकडचे मानले जातात. कच्छच्या रणात पाणी साचलं की ते चिखलाचे बुटके बुरूज रचून त्यावर बहुधा एकच अंडं घालतात. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली 1945 साली त्या वसाहतीत गेले, तेव्हा पक्ष्यांचा अंदाज लाखांत होता. रणात पाऊस कसा झाला यावर विणीचं गणित ठरतं, म्हणून उजनीवर दरवर्षी ठरल्या तारखेला थवे येतील अशी अपेक्षा धरू नये. खरा लांबचा प्रवासी पाहायचा असेल तर डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला पट्टकादंब पाहा. तो तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो.

चित्रबलाक मात्र आपला शेजारी. इंदापुरात वस्तीतल्या चिंचेच्या झाडांवर आणि भिगवणजवळच्या भादलवाडी तलावात त्यांची वीण होते. पिल्लं वाढेपर्यंत आई-बाप दिवसभर घरट्याकडं मासे वाहतात, म्हणून जवळपास उथळ पाणी आणि वर जुनं, भक्कम झाड दोन्ही लागतं. रस्ता रुंद करताना एक मोठी चिंच पडली की कितीतरी घरटी जातात. पाण्यात मासा असून उपयोग नसतो.

रोहिताला इथल्या झाडांचं काही देणंघेणं नाही. त्याला गाळ हवा आणि निवांतपणा हवा. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, ती धरणात जमिनी गेलेल्यांच्या पोटाचा आधार आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण फोटोसाठी होडी थेट थव्यात घालणं टाळता येतं. थवा उडाला की खाणं थांबतं आणि उडण्यात ताकद जाते ती वेगळीच. नावाडीमामांना ‘लांबूनच दाखवा, इंजिन बंद करा’ असं आपणच सांगायचं. गिऱ्हाईक हट्ट धरतं म्हणून होडी पुढं जाते.

एक अडचण उरते ती पिल्लांची. दोन्हींची कोवळी पाखरं मळकट करडी-तपकिरी असतात, गुलाबी कुठंच नाही. छातीवरचा पट्टाही कोवळ्या चित्रबलाकाला नसतो. रोहिताला पूर्ण रंग चढायला काही वर्षं जातात. तिथंही चोचच बघायची: वाकडी असेल तर रोहित, लांब सरळसर असेल तर चित्रबलाक.