भाडोत्री गेला, भाडं राहिलं: बेळगावात वसुली एवढी अवघड कशी झाली

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात आजोबांची भाड्याची एक वही अजून आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा उंदरांनी खाल्लेल्या. डावीकडे भाडोत्र्याचं नाव, पुढे महिने, पैसे आले त्या महिन्यावर निळी फुली आणि राहिले तिथे गोल. काही पानांवर शेवटी सलग चार-पाच गोल आणि खाली "सोडून गेला" एवढंच. करार नाही, पावतीची नक्कल नाही, सही तर नाहीच. लहानपणी वाटायचं आजोबा भोळे होते, नंतर कळलं की ते अजिबात भोळे नव्हते, मुद्दाम लिहून ठेवत नव्हते.

कारण "कूळ लागेल" ही भीती. १९४८ चा मुंबईचा कूळकायदा आला, शेजारच्या चंदगडात १ एप्रिल १९५७ पासून जमीन कसणाऱ्याची धरली गेली, आणि आपल्याकडे कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यातल्या दुरुस्तीने १ मार्च १९७४ ला कुळांच्या जमिनी आधी सरकारकडे आणि मग अर्ज केलेल्या कुळांकडे गेल्या. आता हा सगळा शेतजमिनीचा मामला, घरातल्या भाडोत्र्याला तो लागत नाही, पण गावाकडची जमीन गेलेला माणूस शहरात खोली भाड्याने देताना कागद करायला घाबरणारच की. एकदा लिहून दिलं म्हणजे भाडोत्रीच मालक झाला, ही समजूत पेठेत घट्ट बसली, आणि तिचा फटका बसतोय तो मात्र आज, भाडोत्री निघून गेल्यावर, हातात दाखवायला काहीच नसतं तेव्हा.

दुसरी गोष्ट कायद्याच्या रोखाची. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या वेळी १९१८ ला मुंबईत सुरू झालं, नंतर १९४७ चा मोठा मुंबई भाडे कायदा आला, तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. त्यात सगळा विचार भाडोत्र्याला बाहेर काढायचं की नाही एवढाच. सहा महिन्यांवर भाडं थकलं, भाड्याच्या रकमेबद्दल वाद नाही आणि नोटीस देऊनही महिन्याभरात भरलं नाही तर कोर्ट घर खाली करायला लावणार. म्हणजे थकबाकी हे हकालपट्टीचं कारण. तो माणूस स्वतःहूनच रातोरात सामान टेम्पोत टाकून गेला तर पुढे काय, याचा विचार त्या कायद्याला करायची गरजच वाटली नाही, कारण त्या काळात कमी भाड्याची खोली कोणी सोडतच नव्हतं!

मग १ नोव्हेंबर १९५६. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका वगळून, तो मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. या एका रेषेचं राजकारण सगळ्यांना पाठ आहे, पण भाड्याच्या बाबतीत तिने काय केलं ते कोणी बोलत नाही. अपिलासाठी मुंबई हायकोर्टात जाणारं बेळगाव एकदम बेंगळूरला जोडलं गेलं, म्हणजे पाचशे किलोमीटर, आणि धारवाडला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, व्हायला २००८ साल उजाडलं, ते कायमचं झालं २०१३ ला. दोन-तीन हजारांच्या भाड्यासाठी बेंगळूरला कोण जातंय हो.

कायदा मात्र लगेच बदलला नाही. काही वर्षं इकडे मुंबईचाच भाडे कायदा चालू होता, ३१ डिसेंबर १९६१ पासून म्हैसूरचा नवा भाडे नियंत्रण कायदा आला. तो तर अजून कडक, घर रिकामं झालं की मालकाने कंट्रोलर नावाच्या सरकारी अधिकाऱ्याला कळवायचं आणि कोणाला द्यायचं ते कंट्रोलर ठरवणार. थकबाकीसाठी दोन महिन्यांची मागणी नोटीस. एक कलम मालकाच्या बाजूचं होतं, २९ वं: घर खाली करायचा दावा चालू असताना भाडोत्र्याने सगळं थकलेलं भाडं कोर्टात भरल्याशिवाय त्याला दावा लढवताच येणार नाही. जुने वकील सांगतात की वसुली खरं तर याच कलमाने व्हायची, पण बघा, हे पण भाडोत्री घरात बसलेला असेल तरच. तो गेला की कलम २९ गेलं.

पुढे १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा, प्रत्यक्षात लागू ३१ डिसेंबर २००१ पासून. याने मोठ्या शहरांत महिना ३,५०० आणि इतर ठिकाणी २,००० रुपयांच्या वरच्या भाड्याची घरं कायद्याबाहेरच काढली, मोठी दुकानंसुद्धा. टिळकवाडीत, हिंदवाडीत आजच्या भावाने बघितलं तर बहुतेक सगळे भाडेकरार बाहेरच. म्हणजे पन्नास-साठ वर्षांचं ते खास भाडेकायद्याचं छत उडालं आणि मालक-भाडोत्री परत १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यावर आणि साध्या दिवाणी कोर्टावर आले. हे ऐकून मालकांना आनंद झाला खरा, पण दिवाणी कोर्टात कागद लागतो.

आता तिथली मुख्य गोष्ट दावा टाकायच्या मुदतीची. थकलेल्या भाड्यासाठी तीन वर्षं, १९०८ च्या मुदत कायद्यात पण तीनच होती आणि १९६३ च्या कायद्यातही तीनच राहिली. आणि ही तीन वर्षं भाडोत्री गेला त्या दिवसापासून नाहीत, प्रत्येक महिन्याचं भाडं ज्या दिवशी देणं लागलं तिथून त्या महिन्याची वेगळी. म्हणजे सहा महिन्यांचं थकलं असेल तर ते एकदम जात नाही, एकेक महिना गळत जातो, जुना आधी. मुदत संपायच्या आत त्याने लिहून कबूल केलं किंवा काही रक्कम भरल्याची त्याच्या सहीची नोंद असली तर मोजणी नव्याने सुरू होते, म्हणून जुने जाणते लोक "आता दोन हजार तरी दे आणि सही कर" असं का म्हणायचे ते समजतं, आजोबांच्या वहीत एक जरी सही असती तर.

डिपॉझिट, आपल्याकडे बरेच जण अडव्हान्स म्हणतात, त्याची प्रथा या मुदतीच्या आणि कोर्टाच्या कंटाळ्यातूनच वाढली असं माझं मत. अकरा महिन्यांचा करार पण तसाच, १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो म्हणून अकरा. कागद होतो पण मोघम असतो, कोणत्या तारखेला किती भाडं एवढं जरी स्पष्ट असलं तरी पुष्कळ.

आणि सीमेचा खरा त्रास. वेंगुर्ला रोडने निघालात तर थोड्या वेळात शिनोळी येतं, ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र. भाडोत्री तिथल्या कारखान्यात लागला आणि तिकडेच खोली घेऊन राहिला तर? दावा बेळगावातच टाकता येतो, कारण घर इथलं आणि व्यवहार इथला. पण निकाल हातात आल्यावर वसुलीची दरखास्त बेळगावच्या कोर्टात ठेवून काय उपयोग, त्याचं घर, त्याचा पगार पलीकडे. मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ खाली हुकूमनामा, म्हणजे निकालाचा अंमल करायचा कोर्टाचा आदेश, तिकडच्या कोर्टाकडे पाठवायचा आणि कलम ४० म्हणतं की दुसऱ्या राज्यात तो तिथल्या नियमाने चालेल. हुकूमनाम्याला बारा वर्षांची मुदत असते ही जमेची बाजू. पगारावर जप्ती येते पण पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून. निकाल कन्नडमध्ये असला की भाषांतराचा खर्च वेगळा, आणि कोर्टाचा बेलिफ गेला तर "इथे राहत नाही" हे उत्तर दोन्ही राज्यांत एकच.

पोलिसात जाऊन फसवणुकीची तक्रार द्या असा सल्ला कट्ट्यावर हमखास मिळतो, पण सुप्रीम कोर्टाने मार्च २०२२ ला स्पष्ट सांगितलंय की भाडं न देणं हा तेव्हाच्या भारतीय दंड संहितेखालचा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला. गुन्ह्याची वाट फक्त चेक असेल तर, तीही १ एप्रिल १९८९ पासून, चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर तक्रार. खोलीला कुलूप घालून त्याचे कपडे-भांडी अडकवून ठेवणं हा तर आपणच गोत्यात जायचा मार्ग.

लोकांनी सगळ्यात कमी वापरलेली वाट लोक अदालतीची, १९८७ च्या कायद्यातली. दावा टाकायच्या आधीच अर्ज करता येतो, कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली की तिला हुकूमनाम्याचीच किंमत, अपील नाही. समोरचा यायला तयार हवा हे खरं. वहीतल्या शेवटच्या पानावरचा माणूस अजून वडगावात आहे असं ऐकतो, त्याचे चार गोल १९८३ चे, म्हणजे कायद्याने १९८६ लाच संपलेले. आईने परवा ती वही कपाटातून काढली, धूळ झटकली आणि परत ठेवून दिली.