‘पुरुषी हार्मोन’ हे नाव कसे चिकटले

गोऱ्हा कधी बडवायचा, म्हणजे खच्ची करायचा, याचे उत्तर खान्देशातल्या जुन्या शेतकऱ्याकडे तयार असते: दोन दाती होऊ दे, मान धरू दे, मग. फार लवकर बडवला तर बैल उंच होतो, पाय लांबतात, पण मान बारीक राहते आणि वशिंड भरत नाही. पूर्वी हे काम ठेचून व्हायचे. नंतर जनावरांच्या दवाखान्यात चिमटा आला, तो कातडी न फाडता आतल्या रक्तवाहिन्या चेपतो. अंडातून, म्हणजे वृषणातून, काहीतरी निघते आणि मान, वशिंड, हाडे घडवते, हे गोठ्यात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

ते ‘काहीतरी’ रक्तातून जाते, हे 1849 मध्ये गॉटिंगेनला सहा कोंबड्यांवर दिसले. अंड काढलेल्या कोंबड्याचा तुरा सुकला. पोटात पुन्हा अंड बसवल्यावर, जुन्या नसांशी संबंध तुटलेला असूनही, तुरा लाल झाला. रक्तातून फिरून शरीराला काम सांगणाऱ्या अशा पदार्थाला ‘हार्मोन’ म्हणतात; हा शब्द 1905 चा, आपला ‘संप्रेरक’ त्याच्या नंतरचा.

खरा गुंता 1927 ते 1935 या आठ वर्षांतला. गर्भार स्त्रियांच्या मूत्रातून इस्ट्रोजेन हाती लागले, तेच पुढे ‘मादी संप्रेरक’ ठरले. 1931 मध्ये जर्मनीत सुमारे 15,000 लिटर पुरुषांच्या मूत्रातून अँड्रोस्टेरॉन काढले, भरले जेमतेम 15 मिलिग्रॅम. 1935 मध्ये सुमारे 100 किलो बैलअंडांतून 10 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन मिळाले आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही झाले. पदार्थात जोर किती, हे मोजायला खच्ची कोंबडा वापरत: टोचल्यावर तुरा किती वाढतो ते पट्टीने बघायचे. लंडनला 1932 आणि 1935 मध्ये परिषदा भरून एकके ठरली. तुरा वाढवणारे ते नराचे, उंदरीला माजावर आणणारे ते मादीचे, अशी वाटणी पक्की झाली.

ही वाटणी 1934 मध्येच मोडायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे. त्या वर्षी खच्ची न केलेल्या घोड्याच्या मूत्रात इस्ट्रोजेनचा प्रचंड साठा सापडला, आणि उगम निघाला थेट घोड्याच्या अंडात. शोधणाऱ्यालाही ते कोडे वाटले. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी बांधलेला असा घोडा डोळ्यांसमोर आणा: कमानीसारखी जाड मान, टाच जमिनीवर न ठरणारी, घोडी दिसली की वरचा ओठ उलटा करणारा. त्याच्या अंगातून ‘मादी संप्रेरक’ रतीब घातल्यासारखे वाहते. तरी नावे राहिली ती राहिलीच. पाठ्यपुस्तकांतून ती दवाखान्यात आली, दवाखान्यातून घरात. आज जळगाव-धुळ्याकडे पाळी चुकणाऱ्या, हनुवटीवर केस आलेल्या मुलीला ‘हिच्यात पुरुषी हार्मोन वाढलेत’ असे सांगितले जाते. ती ते ऐकते आणि आरशासमोर उभी राहते. टेस्टोस्टेरॉन प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असतेच. बीजकोश इस्ट्रोजेन बनवतो तोच मुळी त्याच्यासारख्या पदार्थांपासून. हे त्या मुलीला पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

उलट बाजूही तशीच. 1994 मध्ये 28 वर्षांच्या एका पुरुषाची नोंद झाली: उंची 204 सेंटीमीटर आणि अजून वाढतोच आहे. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होते. इस्ट्रोजेनची खूण पटवणारा ग्राही मात्र बिघडलेला. हाडांची टोके मिटवून वाढ थांबवण्याचे काम पुरुषातही इस्ट्रोजेनच करते, हे त्याच्यामुळे उघड झाले. लवकर बडवलेल्या बैलाचे लांब पाय इथे आठवतात. अंड गेले की दोन्ही संप्रेरकांचा मोठा झरा आटतो.

कोंबडी-मोरांत तर नियमच उलटा. खच्ची कोंबड्याचा तुरा सुकतो, पिसारा मात्र कोंबड्याचाच राहतो. लांडोरीचा बीजकोश निकामी झाला तर तिला मोरासारखी पिसे फुटतात. झगमगीत पिसारा तिथे मूळचा. इस्ट्रोजेन तो दाबून ठेवते.

गर्भातली गोष्ट वेगळी आणि मोठी. खोंडाबरोबर जुळी जन्मलेली कालवड दहातल्या नऊ वेळा वांझ निघते. दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जुळतात आणि भावाचे स्राव तिच्यात उतरतात, हा उलगडा 1916 चा. सशाच्या गर्भावरचे प्रयोग 1947 चे: अंड वेळेआधी काढले तर नरगर्भातही गर्भाशयाची घडण होते. गर्भात अंड घडवायला लावून वाट नराकडे वळवणारा ‘एसआरवाय’ जनुक 1990 मध्ये सापडला.

स्त्रियांच्या गटात कोणी धावायचे, हा मैदानावरचा वाद यातूनच आलेला. स्त्री-खेळाडूंसाठी 2011 मध्ये टेस्टोस्टेरॉनची मर्यादा लिटरला 10 नॅनोमोल ठेवली गेली. एका भारतीय धावपटूच्या अपिलावर 2015 मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. मग 2018 मध्ये 400 मीटर ते एक मैल अशा निवडक शर्यतींसाठी 5, तर 2023 मध्ये सगळ्या शर्यतींना 2.5, सप्टेंबर 2025 पासून जागतिक स्पर्धेला एसआरवाय तपासणी. काही शरीरांत तो जनुक असतो, टेस्टोस्टेरॉनही भरपूर असते, पण पेशी त्याची हाक ऐकतच नाहीत. मूल मुलगी म्हणून जन्मते, मुलगी म्हणूनच वाढते, आणि पाळी का येत नाही म्हणून पंधराव्या-सोळाव्या वर्षी आई तिला दवाखान्यात घेऊन जाते.