मॉनिटरचे डिस्प्ले प्रॉब्लेम

कॉम्प्युटर चालू आहे पण मॉनिटरवर काही दिसत नाही, किंवा दिसतं ते धड दिसत नाही, अशा सगळ्या बिघाडांना मिळून डिस्प्ले प्रॉब्लेम म्हणतात. यात मॉनिटरच गेलेला असतो असं नाही, बऱ्याचदा लोचा वायरीत, ग्राफिक्स कार्डात (कॉम्प्युटरमधला चित्र तयार करणारा भाग) नाहीतर सेटिंगमध्ये असतो, त्यामुळे मॉनिटर स्कूटरवर मांडीत धरून पुण्यात टिळक रोडला दुरुस्तीला नेण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते घरीच वेगळं काढावं.

त्यासाठी दोन फुकट टेस्ट आहेत. मॉनिटरच्या बटणाने त्याचा ब्राइटनेसवाला मेनू उघडायचा. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, कॉम्प्युटरचा त्यात हात नसतो, म्हणून मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र खराब असेल तर पॅनेल, म्हणजे मॉनिटरचा चित्र दाखवणारा पडदा, बहुतेक ठीक आहे. दुसरं म्हणजे स्क्रीनशॉट घेऊन तो मोबाईलवर बघायचा, त्यातही रेघा आल्या तर घोळ कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), नाही आल्या तर कार्डाच्या पोर्टापासून पुढे कुठेतरी. स्क्रीनचा मोबाईलने फोटो काढून ग्रुपवर टाकणारे पुष्कळ, पण फोटोवरून यातलं काहीच कळत नाही.

‘नो सिग्नल’ येत असेल तर आधी मॉनिटरचा इनपुट सोर्स, म्हणजे तो कुठल्या पोर्टातून चित्र घेतोय, ते बघा, वायर एचडीएमआयला आणि सोर्स व्हीजीएवर हे फार कॉमन आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर कार्डाच्या पोर्टात हवी, मदरबोर्डच्या नाही. विंडोजमध्ये विंडोज आणि पी दाबून डिस्प्ले मोड बदलता येतो, आणि स्क्रीन काळी होऊन अडकली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट, बी एकत्र दाबल्यावर ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो. २०२० नंतर हिंजवडीचे आयटीवाले घरून काम करायला लागले तेव्हा लॅपटॉपला जोडायला मॉनिटर घेतले गेले, तिथे एक वेगळीच गंमत असते, टाइप-सी पोर्ट दिसायला सगळे सारखे पण प्रत्येकातून चित्र बाहेर येतंच असं नाही. डेस्कटॉप बीप देत असेल आणि चित्र नसेल तर रॅम (मेमरीची पट्टी) काढून तिच्या पिना खोडरबरने पुसायचा जुना उपाय अजून चालतो.

रंग बिघडले तर व्हीजीए वायरीवर संशय घ्यायचा. १५ पिनांच्या या कनेक्टरमध्ये १, २, ३ नंबरच्या पिना अनुक्रमे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा सिग्नल नेतात. लाल तुटली की स्क्रीन निळसर-हिरवी, हिरवी तुटली की गुलाबी-जांभळी, निळी तुटली की पिवळी. नुसती थोडी पिवळट असेल तर कोणीतरी नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळट करणारी सेटिंग) चालू ठेवलेला असतो.

अक्षरं पुसट दिसणं हा बिघाड नाहीच म्हणायचा, १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पॅनेलवर दुसरं रिझोल्यूशन (ठिपक्यांची संख्या) लावलं की तसंच दिसणार. फोर-के (३८४० बाय २१६०) मॉनिटरवर माउस अडखळत असेल तर एचडीएमआय १.४ ची वायर किंवा पोर्ट असू शकतो, त्यातून फोर-के सेकंदाला ३० फ्रेमच जातात, ६० साठी २.० लागतं.

चित्र फडफडत असेल तर वायर घट्ट बसवून, बदलून बघा, तापकीर गल्लीत स्वस्तात मिळते. मिक्सर किंवा पाण्याची मोटर लावली की फडफडतं असं असेल तर अर्थिंग तपासायचं, पेठांतल्या जुन्या वाड्यांत ते धड असेलच असं नाही. गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते तेव्हा प्लगच काढून ठेवलेला बरा.

स्क्रीन काळी पण टॉर्च मारल्यावर चित्र पुसट दिसतंय, तर बॅकलाइट, म्हणजे पॅनेलमागचा दिवा, गेलाय. मॉनिटर चालू होताना लुकलुकतो आणि बंद पडतो, तर पॉवर बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) फुगलेले असण्याची शक्यता मोठी. ते बदलून मॉनिटर पुन्हा चालतो, पण हे काम माहितगारानेच करावं, कारण २३० व्होल्टच्या लाइनीवर मेन कपॅसिटर ३२५ व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच राहतो.

पावसाळ्यात स्क्रीनवर हलणारा ठिपका दिसला तर ते चिलट असतं, उजेडाकडे जाऊन पॅनेलच्या आत शिरलेलं. बोटाने दाबायचं नाही, आत मेलं तर कायमचा डाग. मॉनिटर बंद करून शेजारी दिवा लावला तर बऱ्याचदा आपणहून निघून जातं. न हलणारा काळा ठिपका म्हणजे डेड पिक्सेल, पॅनेलचा मेलेला एक ठिपका, तो परत चालू होत नाही, आणि एखाद-दुसऱ्या ठिपक्यावर वॉरंटीत पॅनेल बदलून मिळेलच असं नाही. उभी रेघ कायमची पडली असेल तर बहुतेक पॅनेलच्या कडेची रिबन (चपटी वायर) सुटलेली असते, आणि नव्या पॅनेलचा खर्च बहुतेक वेळा नव्या मॉनिटरच्या जवळ जातो.